यल्लव्वाचा निकामी दाखला

बाई, तुम्ही एवढ्या चिडक्या कशा, असं मला कुणी विचारलं की मी सासष्ट सालाकडे बोट दाखवते. त्याआधी मी बरी होते. निदान माझे यजमान तरी तसं म्हणतात, आणि ते माझ्याशी सहसा खोटं बोलत नाहीत, कारण मला लगेच कळतं.

बंगळूरला हेब्बाळच्या अलीकडे एका सरकारी कारखान्याची वसाहत होती. यजमान कारखान्यात इंजिनियर, मी वसाहतीच्या शाळेत गणिताची बाई. साताऱ्याहून आलेली मी. कानडी मला ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढंच यायचं, पण तेवढ्यावर भाजीवाली आणि मुख्याध्यापक दोघंही निभायचे. मुख्याध्यापक कृष्णमूर्ती. माणूस सज्जन हो, पण नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा.

त्या जूनमध्ये परीक्षा मंडळाचं पत्र आलं. यंदा निवडक शाळांत दहावीच्या मुलांचं कॉम्प्युटरचं ज्ञान तपासायचं. लेखी चाळीस, प्रात्यक्षिक साठ, आणि प्रत्येक उमेदवाराने यंत्र स्वतः चालवून दाखवावे. अहो, आमच्या शाळेत तेव्हा चालणारा पंखा एक, तोही कृष्णमूर्तींच्या डोक्यावर. आम्ही कळवलं की शाळेत यंत्र नाही. उत्तर आलं : ‘बेडूक, साबण व गणकयंत्र ही सामग्री शाळेने स्थानिक पातळीवर उपलब्ध करावी.’

मी तो कागद घरी नेऊन यजमानांच्या ताटाशेजारी आपटला.

“आत असतं तरी काय त्या यंत्राच्या?” मी विचारलं.

“काय असायचंय? कुणीतरी आकडे लक्षात ठेवतं, कुणी बेरीज करतं, कुणी हातचा पुढे नेतं, कुणी हुकूम सोडतं. तुझ्या वर्गात पोरं आहेत की तेवढी,” ते म्हणाले आणि आमटी भुरकायला लागले.

त्यांनी चेष्टा केली होती. मी मनावर घेतलं. विषय घेतलेली मुलं अकरा होती. अकराजणांना हॉलमध्ये उभं केलं आणि एकेकाला एकच काम दिलं. विद्याधर नावाचा एक गोरागोमटा मुलगा होता, त्याच्या हातात घंटा. एक टोला, एक पायरी. दोघं बेरजेला, एक हातच्याला, असे सगळे. आणि आकडे लक्षात ठेवायला यल्लव्वा. तिच्यापुढे कँटीनचे अकरा कप एका ओळीत. सुलटा कप म्हणजे एक, उपडा म्हणजे शून्य; उजवीकडून पहिला कप एकाचा, पुढचा दोनाचा, मग चाराचा, असे दुपटीनं. तीन आठवडे घसा फोडला मी. शेवटी एकदा सात अधिक पाच बारा आले, तेव्हा मी हॉलमध्ये सगळ्यांदेखत रडले. सात अधिक पाचला बारा मिनिटं लागली होती, पण आले!

यल्लव्वा आमचा शिपाई आप्पाजी याची धाकटी. निपाणीकडची माणसं, एका श्वासात मराठी आणि कानडी. थोरली लेक अगरबत्त्या वळायला बसायची, तिची बोटं कोळशाच्या भुकटीनं कायमची काळी झालेली. यल्लव्वाही शाळा सुटली की अगरबत्ती वळायच्या फळीवर बसायची, म्हणून तिचे हात असे चलाख, की कप फिरवताना दिसायचेच नाहीत. गावातल्या एका संशोधन संस्थेनं कळवलं होतं, या विषयात पास झालेल्या एका मुलाला दसऱ्यापासून आम्ही गणकयंत्र विभागात शिकाऊ घेऊ. इंजिनियरांच्या दहा पोरांपैकी कुणीही अर्ज केला नाही. त्यांना कॉलेजं होती. अर्ज एकटा यल्लव्वाचा.

“आक्का, झाली पास तर जाऊ दे की,” आप्पाजी मला म्हणाला होता. “न्हाई झाली तर दसऱ्याचा मुहूर्त हाय. अगरबत्तीचा कंत्राटदार व्यंकोजी येऊन घेऊन जाणार हाय तिला, कायमची. मी शब्द दिलाय.”

म्हणजे बघा. दसऱ्याला पोर एक तर त्या संस्थेत, नाहीतर त्या फळीवर. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचायचं नाही.

इतकं सगळं जमलं आणि मंडळाचं आणखी एक पत्र टपकलं. यंत्राचा डेडस्टॉक क्रमांक कळवा, नाहीतर परीक्षा नाही. डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या टेबल, खुर्च्या, कपाटं, असल्या सामानाची वही. वस्तू त्यात चढली, की तिला नंबर पडतो आणि ती सरकारी होते. कृष्णमूर्तींनी चष्मा पुसला, टाक घेतला आणि लिहिलं : ‘यंत्र, गणक, एक. भाग अकरा.’ खाली अकरा मुलांची कामं. पेंटरला बोलावून पत्र्याचे अकरा बिल्ले रंगवले. यल्लव्वा झाली भाग सात, स्मृती.

“अहो सर, ही पोरं आहेत,” मी म्हटलं.

“पोरं हजेरीपटात आहेत. यंत्र रजिस्टरात आहे,” कृष्णमूर्ती म्हणाले. “दोन्ही वह्या बरोबर आहेत.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि अकराजण फाटकात अडकले. रजिस्टरातली वस्तू आवाराबाहेर न्यायची तर गेटपास लागतो! आप्पाजीनं स्वतःच्या लेकीलासुद्धा सोडलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी अकरा गेटपास लिहायची, ‘दुरुस्तीसाठी घरी’. एकदा विद्याधर केस कापून आला, तर त्याच्या आईला, शुभदाबाईंना, लेखी खुलासा द्यावा लागला, की परवानगीशिवाय यंत्राच्या रचनेत बदल का केला. त्या बाई माझ्याशी भांडायला आल्या. माझ्याशी! जसं काही रजिस्टर मीच व्यायले होते.

लेखी पेपर आधीच उरकला होता; प्रात्यक्षिक ठरलं नवरात्रातल्या अष्टमीला, सकाळी दहाला. नवमीपासून मंडळ बंद, म्हणून निकाल त्याच संध्याकाळी सहाच्या आत मंडळाच्या पेटीत पडायला हवा होता. सकाळी आठला रंगीत तालीम घेतली. बेरजेवरच्या पोरानं नऊ अधिक सहाला चौदा दिले. यल्लव्वानं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि मुकाट्यानं स्वतःचे कप पंधराला लावले. कृष्णमूर्ती दारात उभे होते, त्यांनी ते पाहिलं.

दहा वाजले. अकरा. परीक्षकाचा पत्ता नाही. आणि बाराला आमच्या आप्पाजीनं आयुधपूजा सुरू केली.

आमच्याकडे साताऱ्याला खंडेनवमीला विळी, कोयता, सुरी मांडली, फूल वाहिलं की झालं, संध्याकाळी त्याच विळीवर भाजी चिरायची. बंगळूरचं तसं नाही. इथे पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. नवमीला सुट्टी, म्हणून शाळेची पूजा अष्टमीलाच उरकायची. आप्पाजी डेडस्टॉक रजिस्टर हातात घेऊन ओळीनं निघाला. घंटा झाली, शिवणाची मशीन झाली, सायक्लोस्टाइल झालं. मी कँटीनमध्ये चहा पीत होते. परत येऊन बघते तर काय, माझी अकराच्या अकरा पोरं भिंतीशी ओळीनं बसलेली, कपाळावर हळदकुंकू, गळ्यात शेवंतीच्या माळा, प्रत्येकाच्या पायाखाली लिंबू, हातात चुरमुऱ्यांचा पुडा. दारात कुंकू भरलेला कोहळा फुटलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आप्पाजी! हे काय करून ठेवलंत?”

“रजिस्टरात हाईत न्हवं? मग?”

“अहो, परीक्षा आहे! तुमच्याच लेकीची!”

“म्हनून तर आक्का, तिच्या यंत्राची पूजा पयली केली. आता दसऱ्यापातूर चालवायचं न्हाई. दोष लागंल पोरीला.” त्याचा चेहरा इतका भाविक होता, की मला शिव्यासुद्धा आठवेनात.

“विद्याधर, सात अधिक पाच किती?” मी ओरडले.

“बाई, माझी पूजा झालीय,” कार्टं म्हणालं आणि चुरमुरे खायला लागलं.

दोन वाजता परीक्षक आले. हयवदनराव नाव, मल्लेश्वरमचे जुने मराठी, घामानं निथळत. मंडळाकडे कॉम्प्युटरचा परीक्षक नव्हता. यादीत त्याच्या खालचं नाव संस्कृतचं, म्हणून हे आले.

“उशीर झाला, अक्का. स्वल्प पाणी द्या,” ते म्हणाले. “मल्लेश्वरमहून चालत आलो की. सकाळीच आमच्या सायकलची पूजा झाली.”

झालं! म्हणजे हेही त्यातलेच. पाणी पिऊन त्यांनी छापील कागद काढला आणि विचारलं, “यंत्र कुठे आहे?”

“हे,” मी भिंतीकडे हात केला.

“पूजा झालेली दिसते. मग चालवता येणार नाही,” ते समाधानानं म्हणाले. “आणि उमेदवार?”

“हेच.”

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. “अक्का, इथे दोन रकाने आहेत. यंत्र एकीकडे, उमेदवार दुसरीकडे. एकच माणूस घोडा आणि स्वार दोन्ही कसा? यंत्र हजर, सुस्थितीत, असं लिहितो. उमेदवार सर्व गैरहजर.”

“अहो, समोर बसलेत ना!”

“यंत्र म्हणून बसलेत.”

कृष्णमूर्तींनी मान डोलावली. त्यांना हे फारच पटलं. मी यल्लव्वाकडे पाहिलं. बाकीचे दहाजण लिंबं लाथाडत खिदळत होते, ती नुसती बसली होती. चुरमुऱ्यांचा पुडा तिनं उघडलाही नव्हता. मला तिथे थांबवेना. मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि एक थोबाडीत मारली. भिंतीच्या, म्हणजे. हात दुखला, भिंतीला काही झालं नाही.

मागच्या अंगणात मोडक्या बाकांचा ढीग होता. तीन पायांची टेबलं, तळ गेलेली बादली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एकावरही कुंकवाचं बोट नव्हतं.

“आप्पाजी!” मी हाक मारली. “यांची पूजा का नाही केली?”

“ती निकामी आक्का. मोडीत काढली, रजिस्टरातनं गेली. मोडीच्या सामानाची पूजा करतंय व्हय कोन?”

मी पळतच आत गेले. बत्तीस वर्षांची बाई, नऊवारी नसली म्हणून काय झालं, शाळेत पळत नाहीत. मी पळाले.

“सर, एखादी वस्तू निकामी ठरली तर ती रजिस्टरातून जाते ना?”

“जाते. दाखला लागतो,” कृष्णमूर्ती म्हणाले. “पण एका यंत्राचा वर्षात एकच भाग मी माझ्या सहीनं काढू शकतो. दुसऱ्यासाठी मंडळाची परवानगी.”

“एकच पुरे. मग ती यंत्र नाही, पूजाही नाही. मग ती उमेदवार होते की नाही?”

हयवदनराव विचारात पडले. आणि हो म्हणाले. नियम नियमात बसला, की त्या दोघांना कसली हरकत!

छापील दाखला आला. वस्तू : भाग सात, स्मृती. स्थिती : निकामी. पुढे ‘कारण’ अशी जागा होती.

“खोटं कारण मी लिहिणार नाही,” कृष्णमूर्ती म्हणाले. “वस्तूत दोष पाहिजे.”

आम्ही सगळे यल्लव्वाकडे बघायला लागलो, जणू ती खरोखरच तुटली आहे का ते दिसणार होतं. तीच हळूच बोलली. “सर, सकाळी बेरीज चुकली तवा मी कप बदलले. स्मृतीनं दिलंय तेवढंच ठेवायचं असतंय. मी माझं घातलं.”

कृष्णमूर्तींना आठवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच थोडं हसले, आणि लिहिलं : ‘भाग न सांगता विचार करतो. दुरुस्ती अशक्य.’ खाली त्यांची सही, माझी सही. तिसरी सही सामानाच्या ताबेदाराची, म्हणजे आप्पाजीची.

मी त्याला ते वाचून दाखवलं. तो मागे सरकला.

“न्हाई. हे न्हाई व्हायचं माझ्यानं. पूजेदिवशी पोटच्या पोरीला मोडीत काढू?”

“आप्पाजी, कागदापुरतं हो.”

“आक्का, वीस वरसं हाय मी हितं. ज्याच्यावर निकामी लिवलं ते एक सामान परत आलेलं बघितलं न्हाई मी.” त्यानं पोरीकडे हात केला. “माझी पोर निकामी हाय व्हय? तुमीच सांगा.”

मी वर्गात कधी कुणाला असं सांगत नसे, पण तिथे सांगितलं. “आप्पाजी, माझ्या आयुष्यात या पोरीसारखी पोर मी शिकवली नाही. मी स्वतः तिच्याएवढी हुशार नाही. म्हणून सही करा.”

हयवदनराव घड्याळ बघत होते. यल्लव्वा उठली, बापापुढे आली आणि म्हणाली, “करा की अप्पा. मला न्हाई राग यायचा.” मग त्यानं सही केली, याच शाळेत शिकलेल्या चार अक्षरांनी. नियमाप्रमाणे नंबर काढायचा असतो. त्यानं तिच्या फ्रॉकवरचा बिल्ला काढला, गळ्यातली माळ काढली, धोतराच्या सोग्यानं कपाळाचं कुंकू पुसलं, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

चार वाजले होते. हयवदनरावांनी प्रश्नाच्या लिफाफ्याची मोहोर फोडली. ‘सत्तेचाळीस गुणिले अडतीस यंत्राच्या पद्धतीने काढून दाखवा.’ यंत्राचे दहा भाग चुरमुरे खात होते. घंटेची पूजा झालेली. कप मात्र कँटीनचे. कप फुटतात म्हणून ते डेडस्टॉकात घेत नाहीत. देव पावला!

यल्लव्वानं अकरा कप मांडले. घंटेऐवजी ती स्वतःच टाळी वाजवायची. टाळी, आणि ओळीच्या या टोकाला. टाळी, आणि त्या टोकाला. दहाजणांचं काम ती एकटी करत होती, कारण चार महिने ती समोर उभी राहून सगळ्यांचं काम बघत होती. दुप्पट करायची तर सगळी ओळ एक घर डावीकडे सरकवायची, शेवटी एक उपडा कप. एक आकडा कपांत, दुसरा डोक्यात. मध्येच विद्याधरचं चुरमुरे खाणं थांबलं. मग सगळ्यांचंच.

शेवटी आठ कप सुलटे होते, तीन उपडे. ती म्हणाली, “सतराशे शहाऐंशी.”

हयवदनरावांनी लिफाफ्याच्या मागे गुणाकार केला. त्यांचे सतराशे छत्तीस आले. माझा जीव गेला. त्यांनी पुन्हा केला, हातचा राहिला होता म्हणाले, आणि सतराशे शहाऐंशी लिहून खाली रेघ मारली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, “अक्का, हे बरोबर आहे, पण हे काय आहे ते मला समजलं नाही. साठापैकी किती देऊ?”

“साठ,” मी म्हटलं.

त्यांनी एकोणसाठ दिले. पूर्ण मार्क देण्याची संस्कृतात पद्धत नाही म्हणे. ‘उत्तीर्ण’ अशी चिठ्ठी यल्लव्वाच्या हातात देऊन ते मंडळाकडे निघाले, भरभर, चालत.

दसऱ्याच्या सकाळी मी आप्पाजीच्या खोलीवर गेले. संस्थेतली यंत्रं पूजेनंतर नवाच्या मुहूर्तावर सुरू व्हायची होती आणि यल्लव्वाला तेव्हा हजर राहायचं होतं. पण दारात व्यंकोजी उभा. जरीचा फेटा, तोंडात पान. थोरली लेक काळ्या बोटांनी दाराला धरून उभी होती.

“शब्द म्हंजे शब्द, आप्पाजी,” तो म्हणत होता. “पास झाली आन् नापास झाली मला काय करायचंय? असले चलाख हात मला कुठं मिळत्यात? आज मुहूर्त हाय. चल गं.”

आप्पाजीनं मान खाली घातली. मला वाटलं, खचला. मी पदर खोचून पुढे होणार, तेवढ्यात त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आतून एक घडी केलेला कागद काढला आणि व्यंकोजीच्या नाकासमोर धरला. शाळेचा गोल शिक्का, तीन सह्या.

“वाच,” तो म्हणाला.

व्यंकोजीनं एकेक अक्षर लावत वाचलं. “निकामी… न सांगता विचार करतो… दुरुस्ती अशक्य.” त्यानं वर बघितलं, पोरीकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. “सरकारी हाय काय हे?”

“सरकारीच. मी सही केलीया.”

“आदी सांगायचं न्हाई व्हय? चाळीस बायका हाईत माझ्या फळीवर. असली एक बसली तर बाकीच्या बिघडतील!” व्यंकोजी पानाची पिचकारी टाकून तरातरा निघून गेला.

थोरली हसायला लागली. हसता हसता तिनं काळ्या बोटांनी डोळे पुसले आणि तोंड सगळं काळं करून घेतलं. मग मीही हसले, रडले, काय केलं कुणास ठाऊक. आप्पाजीनं तो कागद जपून घडी केला, पुन्हा टोपीत ठेवला आणि टोपी घट्ट बसवली.

“चल गं,” तो यल्लव्वाला म्हणाला. “बस चुकंल.”